मोडका नंदी टाकू नये

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, आपल्याकडे तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी नंदी सजवून मिरवितात आणि घरोघरी बोजारा मागतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळी ही प्रथा सुरू झाली, असे परंपरा सांगते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन नागपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले व पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिले; परंतु नंदीने ही सीमा कधीच मानली नाही.

अलीकडे मात्र एक गोष्ट मनाला खटकते. तान्ह्या पोळ्याच्या स्पर्धांत पुष्कळदा जो नंदी उंच, नवा आणि चकचकीत, त्याचेच कौतुक होते. शिंग मोडलेला, चाक निखळलेला आजोबांचा नंदी माळ्यावरून निघतो तो थेट चुलीत जातो. माझ्या मते तो दुरुस्त करून, रंगवून मिरविणे हाच तान्ह्या पोळ्याचा खरा मान आहे.

जुने ते सारेच जपावे, असे मी म्हणत नाही. याच दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. रोगराई आणि संकटे घेऊन जा, असे विनवून तिचे दहन करतात. माझी मातृभाषा ज्या गोमंतकात बोलली जाते, तेथेही नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुराची भली थोरली प्रतिमा जाळतात. राक्षस दरवर्षी नवा करावा आणि दरवर्षी जाळावा, हेच योग्य! परंतु नंदी हा घरचा सोबती. ज्याला घालवायचे त्याला जाळावे. ज्याला ठेवायचे त्याला सांधावे. हा विवेक आपल्या पूर्वजांना होता, तो आपण का सोडावा?

काम फारसे अवघड नाही. सुटलेल्या शिंगात व डोक्यात बारीक छिद्र पाडून बांबूची खुंटी बसवावी आणि सरस लावून ते घट्ट बांधून ठेवावे. भेगांत लाकडाचा भुसा व सरस कालवून भरावा. जुन्या तैलरंगात शिसे असण्याचा संभव असतो. म्हणून तो कोरडा खरवडू नये. पाण्याचा पॉलिश कागद ओला करून, नाकातोंडाला धूळरोधक मास्क लावून, वडील माणसानेच हलकेच घासावे. लाकूड पूर्ण वाळले म्हणजे रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. एकच जाड हात दिला तर रंग ओघळतो. डोळे सर्वांत शेवटी काढावेत. ते उमटले की निर्जीव लाकूड आपल्याकडे पाहू लागते!

या कामात आणखी एक लाभ आहे. झूल, वेसण, मोरकी, बाशिंग, घागरमाळ हे शब्द ट्रॅक्टरच्या दिवसांत मुलांच्या कानी क्वचितच पडतात. नंदी रंगविताना मुलगा आजोबांना विचारतो, ‘‘हे कशाला म्हणतात?’’ आणि एक शब्द पुढच्या पिढीत जातो. ज्या राज्याचा कारभार हिंदीत चालतो, तेथे मराठी अशाच ओसरीवर टिकते.

तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात दगड चालतात, माणसे जखमी होतात. काहींनी तर प्राणही गमावले आहेत. थोरांचा हा दिवस फोडण्याचा असेल, तर मुलांचा तरी सांधण्याचा असावा. ज्या हाताने तुटलेले शिंग जोडले, त्या हाताला दगड उचलताना क्षणभर विचार पडेल, अशी मला आशा वाटते.

म्हणून स्पर्धा भरविणाऱ्यांस एक विनंती आहे. उंचीचे बक्षीस खुशाल ठेवा. पण एक बक्षीस सर्वांत उत्तम रीतीने दुरुस्त केलेल्या जुन्या नंदीसही द्या. आणि विद्यार्थिमित्रहो, पोळा येण्यापूर्वी एकदा आपल्या घरचा माळा पाहा!