दोन तासांची पोस्ट

दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारात सुट्टीच्या दिवशी पाऊल ठेवायला जागा नसते. भाव पुकारणारे विक्रेते, टीशर्टांचे ढीग आणि पन्नास रुपयांसाठी हुज्जत घालणाऱ्या कॉलेजच्या मुली. पूर्वीच्या विनय नगरला ज्यांचे नाव दिले, त्या सरोजिनी नायडूंना १९३० च्या मे महिन्यात धारासणाच्या मिठागरांवर अटक झाली आणि येरवड्याच्या तुरुंगात ठेवले गेले. २०२५ च्या मे महिन्यात त्याच येरवड्यात अभियांत्रिकी शिकणारी १९ वर्षांची मुलगी डांबली गेली. ऑपरेशन सिंदूर या लष्करी कारवाईच्या वेळी सरकारवर टीका करणारी, दुसऱ्या कुणाची तरी पोस्ट तिने इन्स्टाग्रामवर पुढे पाठवली होती.

दोन तासांत तिने ती काढून टाकली, माफीही मागितली. तरी ९ मे रोजी अटक झाली. कॉलेजने तिचे म्हणणे न ऐकताच तिला काढून टाकले. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. गौरी गोडसे आणि न्या. सोमशेखर सुंदरेसन यांनी सरकारला खडसावले, कॉलेजचा आदेश स्थगित केला आणि २७ मे रोजी तिला सोडायला लावले, ते परीक्षा सुरू झाल्यावर. वर्षभर जर्नल पुरी करायची, सबमिशनसाठी रांगा लावायच्या आणि ऐन पेपरांच्या दिवसांत कोठडीत बसायचे! हे अठरा दिवस तिला कोणते न्यायालय परत देणार?

सौदी अरेबियात रइफ बदावी या ब्लॉगलेखकाला २०१४ मध्ये दहा वर्षे कैद आणि हजार फटक्यांची शिक्षा झाली. आपल्याकडे तसे होत नाही, असे समाधान आपण मानतो. पण आपल्याकडे शिक्षा खटल्याआधीच भोगून होते. पत्रकार मोहम्मद झुबेर यांना २०१८ च्या एका ट्विटवरून दिल्ली पोलिसांनी २७ जून २०२२ रोजी पकडले. त्यांच्यावर उत्तर प्रदेशातही गुन्ह्यांची माळ लागली आणि सर्वोच्च न्यायालयाने सोडेपर्यंत २० जुलै उजाडला.

पक्ष बदलला म्हणून पोलिसांची रीत बदलत नाही. अभिनेत्री केतकी चितळे यांना महाविकास आघाडीच्या राज्यात शरद पवारांवरच्या एका पोस्टसाठी महिन्याहून अधिक काळ तुरुंगात राहावे लागले. ती पोस्ट आम्हाला ओंगळच वाटली होती. तिचे उत्तर शब्दांनी द्यायला हवे होते, बेड्यांनी नव्हे. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना अशीच अटक झाली. त्यानंतर दाखल झालेल्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ कलम रद्द झाले. तरी पुढची कित्येक वर्षे ठाण्याठाण्यांत त्या मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदले जात होते!

सर्वोच्च न्यायालयाने सांगायचे काही बाकी ठेवलेले नाही. २८ मार्च २०२५ रोजी खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी स्पष्ट केले, की शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या माणसाच्या मापाने मोजावा, पदोपदी धोका दिसणाऱ्याच्या नव्हे. तीन वर्षे वा अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या अशा गुन्ह्यांत आधी प्राथमिक चौकशी करणेच योग्य, हेही सांगितले. पुण्यातल्या त्या मुलीची अटक त्यानंतर सहाच आठवड्यांची! आणि तिथे भारतीय न्याय संहितेचे १५२ वे कलमही लावले होते. त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. एवढे जड कलम लागले, की चौकशीची ती सवलत गळून पडते. ज्या राजद्रोहाच्या कलमाखाली टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, त्याचाच हा नवा अवतार आहे, असे आमचे मत आहे.

म्हणून लेखनासाठी १५२ लावायचे असेल, तर पोलीस आयुक्तांची लेखी परवानगी आणि कारणे सक्तीची करावीत. अटक बेकायदा ठरली, तर भरपाई त्या सहीच्या धन्याच्या पगारातून जावी. राज्याच्या गृहखात्याला यासाठी संसदेची वाट पाहायची गरज नाही, एक परिपत्रक पुरेसे आहे.

सरोजिनी नगर ही मूळची सरकारी नोकरांची वसाहत. अशा क्वार्टरांत मराठी घरेही असतात. तिथे मुलीने फोनवर चार ओळी लिहिल्याचे कळले, की आई स्वयंपाकघरातूनच ओरडते, "आधी काढ ते, बाबांची नोकरी आहे!" काय लिहिले आहे, हे ती विचारतही नाही.