समाजाची मोजणी आपल्या मुलांनीं शिकावी

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, कणगींत दाणे किती हें न पाहतां संसार करणारास आपण शहाणा म्हणत नाहीं. मग समाजाच्या मोजणीचें शास्त्र आपल्या मुलांनीं कां शिकूं नये?

पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं जवळच्या पिंपळे सौदागर गांवाची घरोघर पाहणी करून १९१७ सालीं पुस्तक छापलें. १७७१ सालीं तेथें दर खात्यास सरासरी ४० एकर जमीन होती. १९१५ च्या सुमारास ती ७ एकरांवर आली. कुणबी आळसानें बुडाला म्हणणारांस याहून चोख उत्तर कोणतें?

परंतु आंकडाहि फसवितो. एकाकडे ४० एकर व चौघांकडे कांहींच नाहीं, तरी सरासरी ८ एकर निघते! आपला किनवट तालुकाच घ्या. पाहणी करणारा सडकेकडेचींच घरें विचारून परतला, तर डोंगरांतल्या कोलाम पोडावरची भूक त्याच्या कागदावर उतरेल कशी? म्हणून आधीं सर्व घरांची यादी करावी, चिठ्ठ्या टाकाव्या व निघेल त्याच घरीं जावें. लहान पोडांच्या चिठ्ठ्या वेगळ्या टाकाव्या, नाहीं तर मोठ्या गांवांच्या गर्दींत तीं बुडतात. सर्वांस प्रश्न एकच, पण ज्याच्या त्याच्या बोलींत विचारावा.

नांदेडच्या विद्यापीठांत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनीं हें गणित परकें मानूं नये. सावकाराच्या वहीवर न वाचतां अंगठा उठवून आपले वाडवडील बुडाले. आतां कोणाच्याहि तक्त्यावर न तपासतां मान डोलवूं नका.