स्पार्टाकसच्या बायकोचं नाव काय?



आमच्या रत्नागिरीत चळवळीतल्या तरुण मुलांनी मध्यंतरी 'स्पार्टाकस' सिनेमा दाखवला. आग्रहाचं बोलावणं होतं, म्हणून गटातल्या आम्ही नऊ-दहा जणी गेलो. तीन तासांचा इंग्रजी सिनेमा. एक मुलगा मधूनमधून उठून मराठीत सांगत होता. नंतर चर्चा झाली. मुलं वर्गलढा, नेतृत्व, फितुरी यांवर भरभरून बोलली. मग मच्छी विकणारी आमची एक मावशी उठली आणि म्हणाली, "ती बाय पोर घेऊन गेली कुठं? तिचं पुढं काय झालं ते नाय दाखवलान?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. तिचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहिते आहे.

सिनेमा वाईट नाही, हे आधीच सांगते. १९६० साली तो निघाला. मूळ कादंबरी लिहिणारा हॉवर्ड फास्ट आणि पटकथा लिहिणारा डाल्टन ट्रम्बो, दोघेही अमेरिकेत कम्युनिस्टविरोधी मोहिमेत तुरुंगात गेलेले. ट्रम्बोला कित्येक वर्षं खोट्या नावांनी लिहावं लागलं. त्याचं खरं नाव पडद्यावर येणं हीसुद्धा एक लढाई होती. अशा माणसांनी गुलामांच्या बंडाची गोष्ट सांगितली, तिचा मान ठेवलाच पाहिजे.

पण मान ठेवायचा म्हणजे डोळे मिटायचे नाहीत.

त्यातली व्हरिनिया आठवा. मालक तिला लढवय्या गुलामाच्या कोठडीत बक्षीस म्हणून पाठवतो आणि वरच्या जाळीतून मजा बघतो. स्पार्टाकस तिला हात लावत नाही. मी जनावर नाही, असं तो वर बघून ओरडतो. मीही नाही, असं ती शांतपणे सांगते. माझ्या मते साऱ्या सिनेमातलं सर्वांत मोठं बंड ते आहे. पण सिनेमा तिथे थांबत नाही. पुढे तिला विकून गाडीतून नेत असताना ती उडी मारून पळते. एकटी बाई, हातात शस्त्र नाही, मागे मालक. हे पळणं आपल्याला दिसतं का? नाही! नंतर ती भेटते तेव्हा दोन वाक्यांत, हसत सांगून टाकते. पुरुषांच्या लढाईला हजारो माणसं, घोडे, पेटते ओंडके. बाईच्या सुटकेला दोन वाक्यं. शेवटी तिच्या हाती मुक्ततेचा कागद येतो, तोही एका सिनेटरच्या मेहेरबानीने. वधस्तंभावर मरणाऱ्या नवऱ्याला ती मूल उंच करून दाखवते आणि गाडी निघून जाते.

इतिहासात तर तिला नावसुद्धा नाही. प्लुटार्क सांगतो की स्पार्टाकसची बायको त्याच्याच टोळीची होती, तिच्या अंगात येई, ती भविष्य सांगे. नाव मात्र देत नाही. तोच हेही सांगतो की इ.स.पू. ७३ मध्ये कापुआहून निसटलेल्या ७८ जणांनी पहिली हत्यारं उचलली ती स्वयंपाकघरातली, सुऱ्या आणि सळया. बंड चुलीपाशी सुरू झालं! आणि आपल्याला अजून ऐकवलं जातं की चुलीजवळच्या बाईला राजकारण कळत नाही.

आता रोम सोडा, आपल्याकडे या. गुलामगिरी म्हटलं की आपल्याला साखळदंड आठवतात. पेशवाईच्या कागदांत 'कुणबीण' आणि 'बटीक' हे शब्द पानोपानी आहेत. त्यांचा अर्थ विकत घेतलेली किंवा दिलेली बाई. व्यभिचाराचा ठपका आलेल्या बाईला शिक्षा म्हणून सरकारची कुणबीण करत. किल्ल्यांवर, कोठारांत, पागेत त्या राबत. तिच्याबरोबरच्या पुरुषाला गुलाम केल्याचं सहसा ऐकू येत नाही. १८४३ च्या कायद्याने गुलामीची कायदेशीर मान्यता गेली. पण या बायकांवर आपल्याकडे कुणी सिनेमा काढलेला मला ठाऊक नाही. किल्ल्यांवर मात्र आपण दरवर्षी सहली काढतो.

आणि खोती? आमच्या जिल्ह्यात खोत भाताचा निम्मा वाटा नेई, वर आठ दिवसांतून एक दिवस फुकट राबायचं, ती वेठ. गटातल्या म्हाताऱ्या सांगतात, खोताच्या घरचं भात कांडणं, शेणगोठा, अंगण सारवणं त्यांच्या आयांनीच केलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे, आमच्याच मंडणगड तालुक्यातलं. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती रद्द करण्याचं बिल मुंबई विधिमंडळात मांडलं. १० जानेवारी १९३८ ला कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत त्यासाठी धडकला. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी कुळ जमिनीचं मालक झालं.

घोषणा होती, 'कसेल त्याची जमीन'. नीट ऐका. त्याची!

कोकणात तेव्हा कसत कोण होतं? घरचा पुरुष मुंबईत गिरणीत. नांगरणीला गड्याची मदत, बाकी भाजवळ, लावणी, बेणणी, कापणी, झोडणी सगळी बाईकडे. २०११ च्या जनगणनेतही या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे अकराशेवर बायका होत्या. कायद्याने घरच्या माणसाचे श्रमही 'जातीने कसणं' यात धरले. म्हणजे घाम तिचा, हिशोब त्याच्या खात्यात आणि सातबाऱ्यावर नाव त्याचं. व्हरिनियाला निदान तिच्या नावाचा कागद मिळाला होता.

१९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क दिला. त्यानंतर काय झालं? भाऊबीजेला साडी आणि हक्कसोडपत्रावर सही. नवऱ्याच्या जमिनीत तर तो जिवंत असेपर्यंत, त्याने नाव घातल्याशिवाय, बायकोचं नाव लागत नाही.

चळवळीतले भाऊ म्हणतात, "आधी मोठा लढा, मग तुमचे प्रश्न." भावांनो, खोती गेली तो मोठाच लढा होता. आम्ही त्यात होतो. तो जिंकून सत्तर वर्षं उलटली. 'मग' कधी येणार? लढा संपल्यावर वाटणी करू म्हणता, तेव्हा वाटणी आधीच झालेली असते. ज्यांचं नाव लढ्याच्या यादीत नाही, त्यांचं नाव उताऱ्यावर चढत नाही. हा फुटीरपणा नाही, हा अनुभव आहे.

तेव्हा सख्यांनो, सिनेमा जरूर बघा, गटात दाखवा. पण नंतरच्या चर्चेत मावशीचा प्रश्न विचारा. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या घरचा सातबारा काढून आणा. माहेरचा आणि सासरचा, दोन्ही. नाव कुणाचं आहे ते मोठ्याने वाचा. हक्कसोडपत्र समोर आलं तर त्या दिवशी सही करू नका. आधी गटात या. आणि घरातल्या म्हातारीला विचारून ठेवा, खोताच्या अंगणात कोण कोण राबलं. त्यांची नावं लिहून काढा.

स्पार्टाकसच्या बायकोचं नाव कुणी लिहिलं नाही. आपल्या आयांची तरी आपण लिहू या.

— रत्नागिरीतील एक कार्यकर्ती