आवाजांची बेगमी

‘बेगमी’ हा शब्द आता बोलण्यातून हळूहळू मागे पडत चालला आहे. वर्गात तो उच्चारला की निम्मी मुले माझ्या तोंडाकडे पाहू लागतात. मृग लागायच्या आत तांदूळ, डाळी, तिखट, शेवया, सरगुंडे सारे भरून ठेवायचे आणि मग पाऊस कितीही कोसळो, असा आपल्याकडच्या गृहिणींचा शिरस्ता होता. आता वाण्याच्या दुकानातून फोनवर माल येतो, तेव्हा धान्याची बेगमी कोण करील? पण बेगमी करावी अशी एक वस्तू आजच्या प्रत्येक घरात साचली आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष नाही. ती वस्तू म्हणजे आपली छायाचित्रे, चित्रफिती आणि आवाज.

आमच्याच घरचे पाहा. माझे सासरे लाखांदूर तालुक्यात शिक्षक होते. दिवसा शाळा आणि धानाची कापणी आटोपली की रात्री दंडार व नाटक, असा त्यांचा क्रम. झाडीपट्टीची रंगभूमी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेड समजावून सांगायला नको. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया सुरू झाल्या की मामंजी आपला टेपरेकॉर्डर घेऊन निघत. त्या हौसेतून चौतीस कॅसेटी जमल्या. त्यांत स्वतः मामंजींचा आवाज आहे, गावातल्या म्हाताऱ्यांची गाणी आहेत, सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. मामंजी आज नाहीत. कॅसेटींतील आवाज संगणकावर उतरवून घेतले, ते एका हार्ड डिस्कवर ठेवले. आणि यंदा श्रावणात ती डिस्क टकटक आवाज करू लागली. यंत्राच्या जाणकारांच्या मते हा आवाज आजारी माणसाच्या धापेसारखा असतो. तो ऐकला की आधी प्रत काढून घ्यावी, निदान मागाहून करावे. आम्ही प्रत काढली आणि मग कुटुंबाची बैठक बसली.

नागपूरचे धाकटे भाऊजी म्हणाले, ‘‘वहिनी, महिन्याला थोडे पैसे भरा आणि सगळे इंटरनेटवरच्या भाड्याच्या जागेत ठेवा.’’ चिरंजीवांचा आग्रह असा की रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक आणून आपणच यंत्र जुळवावे. यजमानांचे म्हणणे, माळ्यावरचा जुना संगणक कामाला लावावा. सासूबाईंनी मात्र सर्वांत नेमकी मागणी केली. त्या म्हणाल्या, ‘‘मले एकच बटन ठेवजो बाई. दाबलं का टीव्हीवर त्यायचा आवाज आला पायजे.’’

बजेट पंचवीस हजारांचे ठरले. एवढ्या पैशात काय घ्यावे, याचा विचार करताना जे शिकले ते वाचकांपुढे ठेवते.

पहिली गोष्ट, कणगी घेण्यापूर्वी धान मोजावे. चौतीस तासांचे ध्वनिमुद्रण, तबकडीच्या दर्जाने आणि कोणतीही काटछाट न करता ठेवले, तरी बावीस गीगाबाइटांच्या आत मावते. खरी जागा खातात त्या चित्रफिती. मोबाइलवर घेतलेले एका तासाचे स्पष्ट चित्रण सात-आठ गीगाबाइट सहज होते. लग्नांच्या फिती, मुलांचे वाढदिवस आणि माझ्या विद्यार्थ्यांनी टिपलेल्या दंडारी धरूनही आमचा सारा संसार एका टेराबाइटात, म्हणजे हजार गीगाबाइटांत, बसला. दुप्पट जागा घेतली की पुढच्या काही वर्षांची सोय झाली. आठ-दहा टेराबाइटांच्या मोहात पडण्याचे कारण नव्हते.

दुसरी गोष्ट यंत्राच्या ताकदीची. दुकानदार इथेच गिऱ्हाइकाला घाबरवतो. चित्रफिती निरनिराळ्या सांकेतिक भाषांत लिहिलेल्या असतात. टीव्हीला ती भाषा येत नसेल तर मधल्या यंत्राला दुभाषाचे काम करावे लागते आणि त्यासाठी दणकट, महाग यंत्र लागते. पण सगळ्या फिती आधीच टीव्हीला समजणाऱ्या भाषेत करून ठेवल्या, तर दुभाषा हवा कशाला? एच.२६४ आणि एमपी-४ ही जोडी आजच्या बहुतेक टीव्हींना येते. आम्ही फिती त्याच रूपात आणल्या आणि स्वस्तातले यंत्र पुरेसे झाले. ज्यांच्याकडे नाना तऱ्हांचे चित्रपट आहेत त्यांनी मात्र हा खर्च टाळू नये. चिरंजीवांच्या रास्पबेरी पायची पाचवी आवृत्तीही या दुभाषेपणात लंगडी पडते, कारण तिच्यात त्यासाठी वेगळी यंत्रणा ठेवलेलीच नाही.

तिसरी गोष्ट विजेची. जुना संगणक फुकट पडतो, आणि त्यावर २०१८ साली सुरू झालेली जेलीफिन ही मोफत प्रणाली घातली की टीव्हीवर सुंदर यादी दिसते. पण तो साठ वॅट खात असेल आणि अहोरात्र चालू राहिला तर वर्षाला सव्वापाचशे युनिटे होतात. दोन डिस्कांचे तयार खोके पंधरा वॅटांवर चालले तर एकशे तीसच्या आसपास. फुकटचे यंत्र बिलातून आपली किंमत वसूल करते. शिवाय माळ्यावरचा तो संगणक पंख्याची घरघर करतो. सासूबाईंची झोप आधीच हलकी.

तेव्हा दोन डिस्का बसणारे तयार खोके घ्यायचे ठरले. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘नॅस’ म्हणतात. घरातल्या इंटरनेटच्या जाळ्याला ते जोडले की टीव्ही, फोन, संगणक सगळ्यांना त्यातले दिसते. सायनॉलॉजी, क्यूनॅप अशी याची नावाजलेली घराणी आहेत. पण घराणे कितीही मोठे असो, आपला माल त्याच्या मर्जीवर सोडू नये. सायनॉलॉजीने चित्रपट दाखवणारी आपली व्हिडिओ स्टेशन ही प्रणाली २०२४ साली काढून घेतली. २०२५ मध्ये काही नव्या यंत्रांत आपल्याच डिस्का वापरण्याचा आग्रह धरला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तो बराचसा सैल केला. म्हणून आमच्या फिती साध्या, नाव दिलेल्या फोल्डरांत आहेत. उद्या खोके बदलले तरी त्या कुठेही वाजतील.

आता सर्वांत महत्त्वाचे. दोन डिस्कांत एकसारखी नक्कल ठेवण्याची जी सोय असते, तिला लोक सुरक्षितता समजतात. एक डिस्क मेली तर दुसरी उभी राहते, हे खरे. पण कोणी चुकून फाइल पुसली तर ती दोन्हीकडून पुसली जाते. चोर खोके उचलून नेईल तर दोन्ही जातील, आणि वैनगंगेचा पूर काही एकच डिस्क भिजवून परत फिरणार नाही. यासाठी जाणकारांचा एक सोपा हिशेब आहे: प्रती तीन, ठेवण्याची साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या गावी. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे उदाहरण घ्या. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढेच तिथे उरले आहे, आणि जानेवारी २००३ च्या आगीत जुन्या नायट्रेट फितींचा मोठा साठा जळाला. सरकारी संग्रहाची ही गत, मग आपल्या कपाटाची काय कथा!

म्हणून भाऊजींच्या सूचनेलाही आम्ही मान दिला, पण वेगळ्या रीतीने. एक सुटी डिस्क त्यांच्या नागपूरच्या घरी राहील. दिवाळीला ती भंडाऱ्यास येईल, नवी भर घेऊन भाऊबीज आटोपल्यावर परत जाईल. अक्षय्य तृतीयेला पुन्हा तेच. साठेक किलोमीटरचे अंतर आहे. एका घराचे संकट दुसऱ्या घरी सहसा पोहोचत नाही. मासिक भाडे नाही, आणि दीर-नणंदांचे येणे-जाणेही राहते.

खोके बाहेरच्या इंटरनेटला मात्र सरळ उघडे ठेवलेले नाही. पुण्याच्या वन्संनी तिकडून बघायची सोय मागितली होती; त्यांना हव्या त्या फिती वेगळ्या पाठवल्या. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या जुन्या यंत्रांतील माल दूरवरून पुसला गेला, आणि जानेवारी २०२२ मध्ये क्यूनॅपच्या यंत्रांवर डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोरांनी कुलपे घातली. घराचे दार बंद ठेवण्याला पैसे पडत नाहीत.

उरलेली किरकोळ पथ्ये अशी: डिस्क ‘सीएमआर’ जातीची घ्यावी, कारण ‘एसएमआर’ जातीची लेखनात मंदावते. वीज गेल्यावर यंत्र नीट बंद व्हावे म्हणून एक लहान यूपीएस जोडावा. राउटरपासून खोक्यापर्यंत आणि जमल्यास टीव्हीपर्यंत तार ओढावी. परवलीचा शब्द घरच्या वहीत लिहून ठेवावा, म्हणजे एका माणसाच्या डोक्यावर सारा संसार अवलंबून राहात नाही.

हे सारे पंचवीस हजारांत बसले, कारण डिस्का लहान घेतल्या. सासूबाईंच्या रिमोटवर एक बटण ठरवून दिले आहे. पण यंत्र बसवल्यावर जे काम उरले ते कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. चौतीस कॅसेटींपैकी निम्म्यांवर नावच नाही. गाणारा कोण, गाव कोणते, साल कोणते, हे यंत्राला कळत नाही. ते ओळखणारी व्यक्ती आता घरात एकच, आणि त्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या बायकांच्या एक लाखावर ओव्या जमवल्या. त्यांत गाणारीचे नाव आणि गावही टिपले म्हणून आज त्यांना अर्थ आहे. तोच धडा घरासाठी गिरवायचा आहे. रोज दुपारी एक बाजू ऐकायची आणि सासूबाई सांगतील ते लिहायचे, असे चालले आहे. आतापर्यंत अकरा कॅसेटींना नावे मिळाली.

यंदाच्या मंडईला आपल्याकडे पाहुणे जमतील. फराळ झाल्यावर एखादी जुनी फीत लावा, घरातल्या वडीलधाऱ्यांना जवळ बसवा आणि हातात वही घ्या. खोके पुढच्या पगाराला आणले तरी चालेल.