स्मशान आणि टॉवर : एकाच नकाशावर

हिंदुस्थानच्या भूमीचे त्रिकोणमितीने मोजमाप करण्याचे प्रचंड काम १८०२ साली मद्रासेत सुरू झाले. त्याचा प्रवर्तक विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी आपल्याच विदर्भात, हिंगणघाट येथे वारला आणि तेथेच पुरला गेला. त्याचा सहकारी जॉर्ज एव्हरेस्ट याने ती मोजणी पुढे वऱ्हाडातील ताकळखेड्यावरून उत्तरेकडे नेली. ज्याने दक्षिण भारत त्रिकोणांच्या जाळ्यात बसविला, त्याची स्वतःची कबर मात्र दीर्घकाळ उपेक्षेत पडून राहिली. जमीन मोजणाऱ्या राज्यव्यवस्थेला माणसाच्या अखेरच्या जागेची नोंद महत्त्वाची वाटत नाही, हा यातला बोध आहे. दोनशे वर्षे उलटली, तरी तो जुना झालेला नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशच्या सीमेलगत वसलेल्या शेंदूरजनाघाटचेच उदाहरण घेऊ. संत्र्याच्या कलमांसाठी नावाजलेले हे नगर. कोणत्या वाफ्यात कोणत्या खुंटावर कोणती कलम बांधली, हे येथील रोपवाटिकाधारक बोटांवर सांगेल. हीच काटेकोर दृष्टी सार्वजनिक जागांना लाभली, तर अनेक वाद जन्मालाच येणार नाहीत. नगरपरिषद अधिनियम १९६५ ने मृतांच्या अंत्यविधीसाठी जागा राखणे हे नगरपरिषदेचे आवश्यक कर्तव्य ठरविले आहे. मृत्यूची नोंद १९६९ च्या कायद्याने सक्तीची आहे. परंतु मृत्यूची वही एका कपाटात, जमिनीचा सात-बारा दुसऱ्या कार्यालयात आणि स्मशानाची खरी हद्द केवळ वृद्धांच्या स्मरणात, अशी स्थिती महाराष्ट्रातील असंख्य लहान गावांत आहे. वृद्ध गेले की हद्दही जाते. मग कुंपण दोन हात पुढे सरकते, रस्ता बुजतो आणि एखाद्या दिवशी तिरडी बांधावर अडवली जाते. ज्या घरात दुःख आहे, त्याच घराला त्या क्षणी जमिनीचे भांडण करावे लागावे, यापरती लाजिरवाणी गोष्ट कोणती?

वास्तविक विदर्भाला अशा नोंदीची परंपरा आहे. निस्तारपत्रक हा शब्द येथील जुन्या माणसांना नवा नाही. चराई, सरपण आणि स्मशान अशा गावाच्या सामाईक वहिवाटीची नोंद ठेवण्याची ती रीत. त्याहूनही मागे जायचे, तर शेजारच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूरकडे पाहावे. महानुभावांच्या स्थानपोथीत श्रीचक्रधरांच्या वास्तव्याची स्थाने दिशांसह नोंदविली गेली, त्या जागी ओटे बांधले गेले आणि शतकानुशतके भाविकांनी ती ओळखली. उपग्रह नव्हते, पण जागा विसरू नये ही निष्ठा होती. आज साधने आहेत. उणीव आहे ती निष्ठेची.

साधनांची कमतरता नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे. पुण्याजवळच्या सोनोरीत ड्रोनने गावठाणाची मोजणी झाली, २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना देशभरासाठी जाहीर झाली. ती ग्रामीण भागासाठी आहे. नगरांसाठी १८ फेब्रुवारी २०२५ रोजी 'नक्शा' कार्यक्रमाचा प्रारंभ झाला आणि पहिल्या टप्प्यात १५२ शहरे घेतली गेली. फेब्रुवारी २०२१ पासून नकाशे करण्यावरील जुनी बंधने सैल झाली आहेत. तेव्हा आपली पाळी येईपर्यंत लहान नगरांनी हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. हातातला मोबाईल मोकळ्या आकाशाखाली जागा दाखवितो, पण त्यात काही मीटरांची चूक राहते. समाधी कोठे आहे, हे शोधण्यास तेवढे पुरे. हद्द ठरविण्यास नाही. हद्दीसाठी भूमी अभिलेख विभागाची रीतसर मोजणीच हवी. रोव्हर यंत्राने ती काही सेंटिमीटरांच्या अचूकतेने होते.

असा नकाशा काय साधू शकतो, हे खडकीच्या युद्धस्मशानात दिसते. दुसऱ्या महायुद्धातील सोळाशेहून अधिक सैनिकांच्या तेथील दफनांची नोंद विभाग, रांग आणि क्रमांकानुसार आहे. सातासमुद्रापलीकडचा नातू आपल्या आजोबांच्या दगडापर्यंत थेट पोहोचतो. आपल्याकडे दहनाची प्रथा मोठी असली, तरी भूमीत विसावणारेही पुष्कळ आहेत. लिंगायत, गोसावी, महानुभाव यांच्या समाध्या आहेत. मुस्लिम व ख्रिस्ती बांधवांच्या दफनभूमी आहेत. मेळघाटातील कोरकू बांधव मृतांच्या स्मरणार्थ कोरीव लाकडी मुंडे उभारतात. या सर्वांना नकाशावर समान स्थान हवे. आणि हा नकाशा आणखी एक कटू सत्य दाखवील. कोणत्या गावात जातीजातींची स्मशाने अजून वेगळी आहेत, कोणत्या वस्तीला स्मशानच नाही, हे त्यावर लपणार नाही. एक पाणवठा, एक मंदिर, एक स्मशान हा आग्रह केवळ सभांतून धरून भागत नाही. तो कोठे अपुरा राहिला, ते बिंदूबिंदूने दिसले पाहिजे.

आता दुसरी बाजू. मृतांच्या जागेसारखीच जिवंतांच्या संपर्काची जागाही आज अंदाजाने ठरते. भाडे घेण्यास जो तयार, त्याच्या गच्चीवर टॉवर, हा सर्रास अनुभव आहे. परंतु रेडिओलहरींना भाड्याचा करार कळत नाही, त्यांना डोंगर अडवितो. टॉवरच्या आणि बागेच्या मध्ये सातपुड्याची एखादी सोंड आली, की पलीकडे सावली पडते. त्यातही ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात. ५-जी साठी वापरल्या जाणाऱ्या ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरींचा पल्ला तोकडा असतो. इस्रोच्या कार्टोसॅटने टिपलेल्या उंचीच्या माहितीवरून कोणत्या टेकडीवरून किती बागा दिसतात, हे संगणक खांब रोवण्याआधीच सांगू शकतो. ही चैन नव्हे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप विजेचा इशारा देते, पण बागेत रेंजच नसेल तर तो इशारा शेतकऱ्यापर्यंत जाणार कसा? याच जिल्ह्यातील हरिसालला २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून गौरविले गेले. मेळघाटातील दुर्गम पाड्यांची प्रतीक्षा मात्र संपलेली नाही.

टॉवरविषयीच्या भीतीलाही माहिती हेच उत्तर आहे. १ सप्टेंबर २०१२ पासून भारतातील किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एकदशांश आहे आणि २०१७ पासून 'तरंग संचार' संकेतस्थळावर कोणताही नागरिक आपल्या परिसरातील टॉवर पाहू शकतो. अफवेला विरोध करायचा, तर लोकांना आधी विश्वासात घ्यावे लागते. शांततेच्या जागी, समाध्यांच्या अंगणात खांब उभा राहू नये ही भावना न्याय्य आहे. आणि ती भावना जपायची तर समाध्या कोठे आहेत, हे कागदावर असले पाहिजे. दोन्ही प्रश्न येथे एकत्र येतात.

उपाय अवघड नाही. नगरपरिषदेने ठराव करावा, स्मशाने, दफनभूमी, समाध्या, त्यांचे रस्ते आणि सर्व टॉवर एका नकाशावर घ्यावेत. महाविद्यालयीन तरुणांनी यंत्र धरावे, वृद्धांनी जागा दाखवावी. मसुदा चौकात लावून हरकती मागवाव्यात आणि मगच तो कायम करावा. कुटुंबाच्या संमतीशिवाय मृतांची नावे जगजाहीर करू नयेत. नव्या टॉवरचा अर्ज आला की आधी हा नकाशा उघडावा.

पूर्वजांचे ऋण श्राद्धाने फिटते, असे आपण मानतो. त्यांच्या विसाव्याची जागा सुरक्षित ठेवणे हाही त्या ऋणाचाच भाग आहे. वृद्धांच्या स्मरणातली हद्द त्यांच्याबरोबर जाण्यापूर्वी कागदावर उतरली पाहिजे. ज्यांना ती ठाऊक आहे, त्यांना विचारण्याची वेळ आज आहे. उद्या विचारायला कोणी असेलच, याची खात्री कोणी द्यावी?