दर्शनाला सगळे, सेवेला कोण?

आपल्या मंडळाच्या गप्पांत दर वर्षी गणपतीच्या आसपास एक विषय हमखास निघतो. केरळच्या लोकांचा अय्यप्पा आहे, गुजराती मंडळींची हवेली आहे, मग आपल्या विठोबाचं देऊळ दुबईत कधी होणार? विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. चहा संपेपर्यंत जागा कुठे मागायची, मोठे देणगीदार कोण, मूर्ती पंढरपूरहून आणायची की जयपूरहून, इथपर्यंत गाडी पोचते. मग कुणाची तरी मुलं पेंगायला लागतात आणि विषय पुढच्या वर्षावर जातो.

माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते काहींना रुचणार नाही. वेगळ्या देवळाची मागणी आपण तूर्त बाजूला ठेवावी, आणि जी देवळं इथं उभी आहेत ती रोज चालवण्याच्या कामात आधी आपला वाटा उचलावा. आज तो वाटा जवळजवळ नाही. दर्शनाच्या रांगेत मराठी भरपूर ऐकू येतं. चपलांच्या स्टँडवर, प्रसादाच्या ओट्यावर, चौकशीच्या टेबलावर मात्र क्वचितच.

याचं कारण आळस आहे असं मला वाटत नाही. आखातातली जुनी देवळं कुणी उभी केली ते पाहा. बहारीनला मनामाच्या बाजारातलं श्रीनाथजींचं देऊळ १८१७ सालचं, सिंधमधल्या ठठ्ठ्याहून आलेल्या व्यापाऱ्यांचं. मस्कतच्या जुन्या देवळांमागेही कच्छी आणि भाटिया पेढ्याच. दुबईत खाडीकाठी, बर दुबईच्या कापडबाजाराला लागून, १९५८ पासून देऊळ आहे, तेही सिंधी आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने. पेढी पिढ्यानपिढ्या चालते. बाप थकला की मुलगा गल्ल्यावर बसतो आणि दुकानाच्या किल्ल्यांबरोबर देवळाच्याही किल्ल्या त्याच्या हाती येतात.

आपण आलो ते नोकरीला. इंजिनिअर, ड्राफ्ट्समन, बँकेतले, हॉस्पिटलमधले, तेलाच्या कंपन्यांतले. आपला व्हिसा नोकरीला बांधलेला. कंपनीनं प्रकल्प गुंडाळला की घर, मुलांची शाळा, गाडी सगळं दोन महिन्यांत आवरून पुण्याला. असा समाज देऊळ बांधत नाही, उत्सव करतो. उत्सव नोकरदाराला झेपतो: हॉल घ्या, परवानग्या काढा, पेणहून मूर्ती मागवा, आरत्या म्हणा, मोदक वाढा, हिशोब मांडा, कुलूप लावा. पुढच्या वर्षी निम्मी कार्यकारिणी नवी असली तरी चालतं. देवळाला कुलूप लावता येत नाही. तिथं सकाळची आरती ऑगस्टच्या मंगळवारीही व्हावी लागते, जेव्हा अर्धी दुबई सुट्टीवर गेलेली असते.

म्हणजे मंडळ काढून आपण आपल्या परिस्थितीला साजेसंच केलं. उत्सवाची अर्धी गंमत तर शुक्रवार सांभाळण्यातच होती. तिथी कुठलीही असो, कार्यक्रम सुट्टीच्या दिवशी. १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवारची सुट्टी झाली आणि सगळ्यांच्या सवयी पुन्हा बदलल्या. पण त्याच सुमाराला दुसरं काहीतरी घडलं आणि त्यानं माझ्या मते प्रश्नच बदलला.

ऑक्टोबर २०२२ मध्ये, दसऱ्याच्या तोंडावर, जेबेल अलीचं देऊळ सुरू झालं. शेजारी २०१२ पासूनचा गुरु नानक दरबार आणि चर्चेस. आत गणपतीपासून अय्यप्पापर्यंत सोळा मूर्ती आणि गुरु ग्रंथ साहिबही. सुरुवातीला गर्दी आवरायला क्यूआर कोडवर वेळ नोंदवून जावं लागायचं. जानेवारी २०२४ मध्ये बर दुबईचं शिवमंदिर आणि सिंधी गुरु दरबारही तिकडे हलले. पुढच्याच महिन्यात, १४ फेब्रुवारीला, अबू मुरेखाच्या बीएपीएस मंदिराचं उद्घाटन झालं. सत्तावीस एकर जमीन सरकारनं दिलेली, सात अमिरातींची सात शिखरं, राजस्थानचा गुलाबी दगड, बांधकामात लोखंड नाही. हे सगळं आपण व्हॉट्सॲपवर इतकं फिरवलंय की पुन्हा सांगायला नको. मला त्यातला एकच आकडा महत्त्वाचा वाटतो. सर्वांसाठी उघडल्यावर पहिल्याच रविवारी, ३ मार्च २०२४ ला, तिथं पासष्ट हजारांहून जास्त माणसं आली. इतक्या लोकांना रांगेत उभं करायचं, पाणी द्यायचं, हरवलेलं मूल आईला शोधून द्यायचं, बसेस वळवायच्या. हे काम दगडाचं नाही, माणसांचं. आणि त्या माणसांना दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं.

बर दुबईच्या गल्लीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण ती गेल्याचं दुःख आपण वेगळ्याच कारणासाठी करतो. आपल्याला आठवतात फुलांच्या वेण्या, उदबत्त्या, नारळ, मुंबईच्या भुलेश्वरची आठवण करून देणारा गजबजाट. जिने अरुंद होते, महाशिवरात्रीला रांग खाडीकाठानं लांबच लांब जायची, म्हाताऱ्या माणसांचे हाल व्हायचे. नवी जागा प्रशस्त आहे, पार्किंग आहे, व्हीलचेअर जाते. गाडी असलेल्या कुटुंबाचा निव्वळ फायदा झाला. तोटा झाला तो मीना बाजारच्या दुकानात काम करणाऱ्या पोराचा, जो दुपारच्या सुट्टीत चालत जाऊन सोमवारचं दर्शन घेऊन यायचा. देऱ्यातल्या खोलीत सहाजणांबरोबर राहणाऱ्या कामगाराचा, जो अब्रा पकडून एका दिरहमात खाडी ओलांडायचा. जेबेल अलीच्याच कॅम्पमध्ये राहणाऱ्यांना देऊळ जवळ आलं, हेही खरं. पण सोनापूरहून किंवा देऱ्याहून जायचं तर मेट्रो देवळाच्या दाराशी जात नाही आणि टॅक्सीचं भाडं परवडत नाही. या माणसांसाठी देऊळ म्हणजे आठवड्यातला एकमेव तास, जेव्हा कुणी त्यांना 'काम झालं का' असं विचारत नाही. त्यांना जेबेल अलीला न्यायची व्यवस्था करणं हे नवं देऊळ बांधण्यापेक्षा स्वस्त आहे आणि आपल्या आवाक्यातलं आहे.

पैशांचं बोलायला आपल्याला जरा अवघड वाटतं. तरी बोलू. या देशात देणगी गोळा करण्याचे नियम कडक आहेत. २०२१ च्या संघराज्य कायद्यानुसार ज्या संस्थेला तसा परवाना आहे तिनंच देणगी गोळा करायची. व्यक्तीनं नाही, मित्रमंडळींच्या ग्रुपनं नाही. मुस्लिमेतर प्रार्थनास्थळांसाठी २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. दुबईत कम्युनिटी डेव्हलपमेंट ॲथॉरिटी आणि अबू धाबीत सामुदायिक विकास विभाग यांच्या देखरेखीखाली हा कारभार चालतो. तरीही आपल्या ग्रुपांवर 'अमुक देवळासाठी प्रत्येकी शंभर दिरहम, माझ्या खात्यावर टाका' असे मेसेज फिरतात. पाठवणाऱ्याची नियत स्वच्छ असेलही, पण कायदा नियत विचारत नाही, आणि अडचण एकट्याची होत नाही, मंडळाचं नावही त्यात ओढलं जातं. देवळात अधिकृत काउंटर आहे, पावती मिळते, तिथं द्यावं.

आणि द्यायची पद्धतही बदलावी असं मला वाटतं. आपल्याला एकदाच मोठी रक्कम द्यायला आवडते: कुणाच्या तरी स्मरणार्थ, फोटोसकट. देवळाला लागते ती वीज, एसी, सफाई, पुजाऱ्यांचे पगार आणि व्हिसा, तेल, तूप, तांदूळ. या गोष्टींवर कुणाचं नाव कोरता येत नाही. दरमहा पन्नास दिरहम देणारी शंभर घरं ही एका दिवशी पाच हजार देणाऱ्या पाहुण्यापेक्षा देवळाला कितीतरी जास्त उपयोगी आहेत.

आता या लेखामागचं खरं कारण. इथं माणूस गेला की काय होतं, हे ज्यांच्यावर वेळ आली त्यांनाच माहीत आहे. हॉस्पिटलचा दाखला, पोलिसांचं पत्र, मृत्यूचं प्रमाणपत्र, भारतीय वकिलातीत नोंद आणि पासपोर्ट रद्द करणं, व्हिसा रद्द करणं. मग ठरवायचं: जेबेल अलीच्या स्मशानभूमीत अंत्यसंस्कार, की शव विमानानं गावी. नातेवाइकांची संमती गावाहून यायला हवी आणि गावी तर कुणी बोलायच्या अवस्थेत नसतं. जवळ बायको असते, बहुधा लहान मुलं असतात आणि बँकेचं खातं नवऱ्याच्या नावावर असतं. अशा वेळी कुणीतरी मध्यरात्री फोन उचलतं. हे काम दुबई, शारजा, अबू धाबीत वर्षानुवर्षं मूठभर लोक करत आलेत. त्यात मल्याळी आहेत, सिंधी आहेत, तेलुगू आहेत. मराठीही आहेत, पण बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांतले काही आता साठीला आले आहेत. ते परत गेले की त्यांच्या मोबाईलमधले नंबर, कुठल्या खिडकीवर कुठला कागद लागतो याचं ज्ञान, सगळं त्यांच्याबरोबर जाणार. देवळाभोवतीचा समाज म्हणतात तो मला इथं दिसतो, आरतीच्या वेळेपेक्षा जास्त.

शेजारच्या गुरुद्वारात जाऊन बघा. लंगर रोज असतो. कांदा सोलणाऱ्या हातांत कंपनीच्या डायरेक्टरचं घड्याळ दिसतं आणि ट्रक ड्रायव्हरचं कडंही. तिथं सेवेला आमंत्रण लागत नाही. आत जायचं, डोकं झाकायचं, हात धुवायचे आणि बसायचं. आपल्याकडे पंगत वाढायला माणसं हौसेनं येतात, भांडी घासायची वेळ आली की हॉलच्या कॅटररचे लोक शोधावे लागतात. (या ओळीवर कार्यकारिणीतल्या वहिनी हसतील. त्यांनाच विचारा.)

यावर आक्षेप येणार, तो मी ऐकलेला आहे: "ती देवळं त्यांची. ट्रस्टी त्यांचे, पद्धत त्यांची. आपल्याला कोण विचारतं?" यात तथ्य आहे. बीएपीएस ही एका संप्रदायाची संस्था आहे, तिची स्वतःची शिस्त आहे आणि ती आपल्यासाठी बदलणार नाही. जेबेल अलीच्या विश्वस्त मंडळावरही उद्या आपल्याला कुणी बोलावणार नाही. पण चपला सांभाळायला, प्रसाद वाढायला, हिशोबाच्या नोंदी करायला, वयस्कर माणसाला हात द्यायला ट्रस्टी असावं लागत नाही. आणि स्वतःचं देऊळ असलं की सगळं सुरळीत होतं, असं निदान महाराष्ट्रातल्या माणसानं तरी म्हणू नये. पंढरपुरात दलितांना विठोबाच्या पायाशी जाता यावं म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषणाला बसावं लागलं. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क काढणारा कायदा १९७३ चा, त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात संपला तो जानेवारी २०१४ मध्ये. मालकी आली की तिच्यामागून ही दुखणी येतात. आपली परदेशातली मंडळंही अध्यक्षपदावरून फुटलेली आपण पाहिली आहेत. देवळाच्या विश्वस्तपदावरून काय होईल त्याची कल्पना करवत नाही.

उद्या विठोबाचं देऊळ होऊच नये, असं मी म्हणत नाही. परवाना, जागा, पैसा यांच्याआधी रोज दार उघडणारी पन्नास माणसं लागतात, आणि ती आपल्याकडे आहेत की नाहीत हे जेबेल अलीला दोन वर्षं नेमानं जाऊन कळेल. नोकरदार म्हणून आपल्याला जे येतं ते देवळांना हवंच आहे: हिशोब तपासणं, गर्दीचं नियोजन, आगीच्या सुरक्षेची तपासणी, प्रथमोपचार, ड्यूटीचे तक्ते. आपल्यातले अर्धे लोक दिवसभर तेच करतात आणि त्याचा पगार घेतात.

म्हणून येत्या वार्षिक सभेपुढे मी ठराव ठेवणार आहे. मंडळाच्या कार्यकारिणीत देवळाच्या कामासाठी दोन जण असावेत, एक जुना आणि एक नवा, आणि जुन्याची बदली झाली तर महिनाभर त्यानं नव्याला बरोबर घेऊन फिरावं. अंत्यसंस्काराची कागदपत्रं, कार्यालयं, कामाच्या वेळा यांची एक वही मराठीत लिहून मंडळात ठेवावी आणि दर सहा महिन्यांनी ती तपासावी, कारण इथले नियम बदलतात. आणि महिन्यातून एका रविवारी सकाळी एक बस, सोनापूरहून निघून देऱ्यामार्गे बर दुबईला थांबत जेबेल अलीला. मराठी असो वा नसो, येईल त्याला जागा. खर्च मंडळानं स्नेहसंमेलनाच्या तरतुदीतून करावा. सजावटीचे फुगे थोडे कमी लावले तर दोन फेऱ्या सहज निघतील.

पहिल्या बसची तारीख कार्यकारिणीनं ठरवावी. दारात उभं राहून नावं टिपून घ्यायला मी येतो. परतीच्या फेरीसाठी आणखी एक माणूस लागेल.