बाविसाव्या वर्षी निवृत्ती

आम्हां बँकवाल्यांना साठाव्या वर्षी नारळ देतात. अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूला तो बहुधा बाविशीतच मिळतो, हे मला भाच्याच्या जर्मन मित्राकडून कळलं. दोघे ॲन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठात शिकतात. भाचा पुस्तकांत बुडतो, मित्र विद्यापीठाच्या टीममधून पोहतो. मे महिन्यात दोघे आमच्याकडे डोंबिवलीला उतरले. पोहणाऱ्याला पोहे दिले. (हा विनोद माझा. कोणी हसलं नाही.)

अमेरिकेचा थाट मोठा, हे तो कबूल करतो. जर्मनीत सरकारी विद्यापीठाला बहुतेक ठिकाणी फी नाही, पण परीक्षा आणि पोहणं यांचं वेळापत्रक जुळेना म्हणून हा तिकडे गेला. तिथं कोच, डॉक्टर, जेवण सगळं दिमतीला. फुटबॉलच्या स्टेडियममध्ये एक लाख सात हजारांवर माणसं बसतात. एवढी गर्दी आम्ही फक्त ८.१२च्या लोकलला पाहिली, आणि तीसुद्धा उभी. २०२१ पासून तिथले खेळाडू जाहिरातींतून कमावतात. याचे हात मात्र विद्यार्थी-व्हिसानं बांधलेले. दिवसभर दुसऱ्यांच्या नोटा मोजणाऱ्या कॅशियरला हे दुःख सांगावं लागत नाही.

पण पदवी मिळाली की टीम सुटली. मग? "घरी जाऊन क्लबात पोहीन," तो म्हणाला. सहाव्या वर्षी नाव घातलेला क्लब. वडील, वय चोपन्न, तिथंच फुटबॉलच्या शेवटच्या टीममध्ये दर रविवारी हरतात. तिकडे सात माणसं जमली की क्लब नोंदवता येतो. आपल्याकडे सात जमली की दोन गट पडतात. म्युनिकच्या एका क्लबाच्या तर नावातच १८६० साल आहे.

आणि आमचे सहकारी म्हणतात, अमेरिकेसारखा खेळ शाळेत आणा! अहो, आमच्या शाळेत पीटीचा तास गणिताचे मास्तर पळवत. खो-खोला बारा निवडले, अठ्ठेचाळीस टाळ्यांना ठेवले. त्या अठ्ठेचाळिसांत मी. शाळेला ढाल हवी असते, आणि ढालीला बारा पोरं पुरतात. क्लबाला वर्गणी हवी असते, म्हणून तो ढेरपोट्यालाही घेतो. हिशेब बी.कॉम.ला कळण्याइतका सोपा आहे.

"काका, तुम्ही कुठल्या क्लबात?" पाहुण्यानं विचारलं.

"पतपेढीत आहे," मी म्हणालो.

"तिथं काय खेळता?"

बायको आतून म्हणाली, "जामीन राहतात."